बस एक, दिवस सोळा, माणसं अडतीस

मिरजेहून संध्याकाळी सातला सुटलेली बस सांगली, आष्टा, पेठ नाका, कराड करत रात्री अकराच्या सुमारास साताऱ्याला हायवेवर येऊन थांबते, तेव्हा तिच्या पहिल्या चार रांगांवर पंचे पडलेले असतात. कुठे पंच्याऐवजी मफलर, कुठे पाण्याची बाटली, आणि खिडकीजवळच्या एका सीटवर लाल कापडात गुंडाळलेली गुरुचरित्राची पोथी. पंचा उचलता येतो. पोथी उचलायची हिंमत कोण करणार?

नर्मदा परिक्रमेला निघालेल्या मंडळींचं पहिलं भांडण इथंच होतं, नर्मदा अजून अख्खी रात्र आणि अर्धा दिवस लांब असताना. सातारकर म्हणतात, पैसे सगळ्यांनी सारखेच भरलेत. सांगलीकर म्हणतात, आम्ही चार तास आधी चढलोय. मॅनेजर म्हणतो, "काका, आत्ता बसून घ्या, ओंकारेश्वरला बघू." ओंकारेश्वरला कोणी काही बघत नाही.

मी ही परिक्रमा बसनं दोनदा केली. पहिल्यांदा साताऱ्याला चढलो आणि सोळा दिवस शेवटून दुसऱ्या रांगेत आदळत राहिलो. दुसऱ्या खेपेला मेहुण्यांकडे सांगलीला मुक्कामाला गेलो, तिथून चढलो, आणि पंचा मीही टाकला. तेव्हा दोन्ही बाजूंचं मला थोडं थोडं कळतं, असं समजून पुढचं वाचा.

आपल्या दोन जिल्ह्यांत निवृत्त माणसाला परिक्रमेची हाक लवकर ऐकू येते. दर पौर्णिमेला औदुंबर नाहीतर नरसोबाची वाडी करणाऱ्या घरांत टेंबे स्वामींचा फोटो असतो, स्वामींनी १९१४ साली नर्मदाकाठी गरुडेश्वरला देह ठेवला, त्यामुळे गरुडेश्वर या मंडळींच्या मनात आधीपासूनच असतं. पायी परिक्रमेचा जुना हिशेब तीन वर्षं, तीन महिने, तेरा दिवसांचा. नदीची लांबी १,३१२ किलोमीटर, आणि दोन्ही काठ चालायचे. गुडघे तेवढं ऐकत नाहीत, म्हणून पंधरा ते अठरा दिवसांची बस. ओंकारेश्वरला संकल्प सोडायचा, नर्मदा उजव्या हाताला ठेवायची, ती कुठंही ओलांडायची नाही, आणि बाटलीत घेतलेलं जल फिरवून आणून पुन्हा ओंकारेश्वरला वाहायचं.

परत आलेल्यांना विचारा, कशी झाली? "छान झाली हो," म्हणतात, मग क्षणभर थांबतात, मग म्हणतात, "पण..." परदेशी क्रूझवरून आलेल्या मंडळींचं उत्तरही असंच असतं, तोच थांबा आणि तेच 'पण'. मला त्या 'पण'बद्दल लिहायचंय. ते वाईट नाही. अडतीस माणसं एका डब्यात सोळा दिवस कोंबल्यावर मन नुसतं प्रसन्न राहिलं, तर ते माणूस संत तरी असावं नाहीतर बहिरं तरी.

या 'पण'ची दोन पोती करायची. एका पोत्यात ज्याचे पैसे आपण मोजलेत ते: सीट, खोली, जेवण, चहा, गरम पाणी, ठरलेली ठिकाणं, सुरक्षित गाडी. दुसऱ्यात जे कोणी आपल्याला विकलेलं नाही ते: शेजारच्या काकांचं घोरणं, मागच्या काकूंचं मोबाइलवर मोठ्यानं कीर्तन लावणं, माईक हातात आला की न सोडणारे निवृत्त मुख्याध्यापक. पहिल्या पोत्यातलं मागायचं असतं, स्पष्ट आणि लगेच. दुसऱ्यातलं आपापसांत सोडवायचं असतं. आपण उलटं करतो. रात्रभर घोरण्यानं झोप झालेली नसते आणि सकाळी राग निघतो उपम्यावर. खोलीत बादली फुटकी असते, त्याबद्दल मॅनेजरला चकार शब्द न बोलता आपण ती कहाणी बसमधल्या सदतीस जणांना सांगतो.

सुरुवात पैसे भरायच्या आधी. कंपनीच्या छापील पत्रकात "उत्तम निवास व्यवस्था" असं लिहिलेलं असतं. उत्तम हा शब्द मोजता येत नाही, संडास मोजता येतात. म्हणून विचारायचं ते असं: खोलीत दोघं की तिघं? कोणकोणत्या मुक्कामी कमोड आहे आणि कुठं भारतीय पद्धतीचा? आश्रमात उतरणार त्या रात्री किती? वरच्या मजल्याची खोली मिळाली तर लिफ्ट आहे का? अमरकंटकला, हजार मीटरच्या वर, पौष महिन्यात पहाटे आंघोळीला गरम पाणी किती वाजता आणि माणशी किती बादल्या? हसू नका. महाबळेश्वरच्या थंडीत वाढलेले सातारकरही अमरकंटकला नळाखाली हात घालून परत काढतात. गुडघ्यांचा त्रास असेल त्यांनी घडीची कमोडची खुर्ची न लाजता बरोबर घ्यावी. आमच्या पहिल्या खेपेला एका काकूंनी आणली तेव्हा बायका आपसांत हसल्या. चौथ्या दिवसापासून तीच खुर्ची रांग लावून फिरत होती.

एकटे जाणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट विचारावी: खोलीत जोडीदार कोण? कंपन्या एकट्या बाईला एकट्या बाईबरोबर टाकतात, ते बरंच आहे, पण निघायच्या आधी दोघींची फोनवर गाठ घालून द्या म्हणावं. एकीला पहाटे तीनला उठून जप करायचा असतो आणि दुसरीला रात्री अकरापर्यंत सुनेशी बोलायचं असतं. हे आधी कळलं तर जोड्या बदलता येतात.

सीटबद्दल मात्र विचारून भागत नाही. लिहून घ्यावं लागतं. मागच्या चाकाच्याही मागं असलेल्या रांगांना प्रत्येक खड्डा दुप्पट बसतो, आणि मध्य प्रदेश-गुजरातच्या आतल्या रस्त्यांवर खड्ड्यांना तोटा नसतो. उपाय जुना आणि साधा आहे: रोज सगळ्यांनी दोन रांगा मागं सरकायचं, शेवटच्यांनी पुढं यायचं. बुकिंगच्या वेळीच कंपनीला विचारा, सीट फिरवता का? हो म्हणाले तर पावतीवर लिहायला लावा. मणक्याचा किंवा चक्कर येण्याचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन तेव्हाच पुढची सीट मागावी. बसच्या दारात उभं राहून मणका आठवला की तो कोणालाच खरा वाटत नाही, मग तो खरा असला तरी. आणि मिरज-सांगलीकरांना एक विनंती: पंचा टाका, पोथी टाकू नका.

आता जेवणाकडे. परिक्रमेच्या बसबरोबर स्वयंपाकाचा ताफा असतो: आचारी, दोन वाढपी, गॅसच्या टाक्या, मोठी पातेली. मुक्कामी पोहोचल्यावर प्रवासी आडवे होतात, हे उभे राहतात. जेवणात कांदा-लसूण नसतो. पहिले चार दिवस सगळे म्हणतात, किती सात्त्विक, किती हलकं वाटतंय. पाचव्या दिवशी बटाट्याच्या भाजीकडे पाहण्याची नजर बदलते. सहाव्या दिवशी मंडलेश्वरच्या अलीकडे आमच्या बसमध्ये मागून एक वास आला. कोणीही मान वळवली नाही, पण सगळ्यांना कळलं. कराडच्या एका काकांनी डब्यातून कारळाची चटणी काढली होती, आणि तिच्यात लसूण होता. पुढच्या रांगेतल्या एका काकूंनी मोठ्यानं सुस्कारा सोडला आणि म्हणाल्या, "नियम सगळ्यांना सारखे हवेत." काका डबा झाकून म्हणाले, "तुम्ही ओंकारेश्वरपासून माझ्या मिसेसच्या खिडकीत बसलाय, तो कुठला नियम?" भांडण चटणीचं नव्हतंच.

दोघांनाही कोणी दोष देऊ नये. ज्यांना जिभेचं बंधन पाळायचंय त्यांनी पाळावं. ज्यांना जमणार नाही त्यांनी शेंगदाण्याची बिनलसणाची चटणी, मेतकूट, लिंबाचं लोणचं न्यावं आणि सगळ्यांत फिरवावं. मी दुसऱ्या वेळी मेतकुटाचा मोठा डबा नेला होता. तो पुढच्या रांगेतून निघाला की मागं पोहोचेपर्यंत अर्धा व्हायचा, आणि परत येताना त्याच्याबरोबर खजूर, राजगिऱ्याचे लाडू, सुपारी असं काही काही यायचं. सीटचा प्रश्न मेतकुटानं सुटला नाही, पण बोलायला तोंड उघडलं.

मधुमेह असणाऱ्यांनी जेवणाच्या वेळेवर विश्वास ठेवू नये. बाराचं जेवण तीनला होतं, कारण रस्त्यात ट्रक उलटलेला असतो किंवा कोणीतरी माहेश्वरी साड्यांच्या दुकानात अडकलेलं असतं. खाकरा, फुटाणे, खडीसाखर सीटजवळच्या पिशवीत. इन्सुलिन चुकूनही डिकीत नाही. सकाळचा चहा बिनसाखरेचा हवा असेल तर पहिल्या रात्रीच आचाऱ्याला सांगा, मॅनेजरला नाही. आमच्यात असे चौदा जण निघाले. आचाऱ्यानं मग एक वेगळी किटली केली आणि तिच्या कानाला लाल नाडा बांधला. सोळा दिवस पहाटे साडेचारला अंधारात तो नाडा शोधत आम्ही चौदा जण उभे असायचो. असा चहा मिळाला की बाकी तक्रारी करायला जीव धजत नाही, हेही खरं.

पण धजलं पाहिजे. तक्रार करण्याची वेळ दुसरी रात्र, नववी नव्हे. पहिल्या दिवशी सगळे गडबडीत असतात आणि नवव्या दिवशी सगळे चिडलेले. दुसऱ्या रात्री जेवणं आटोपल्यावर मॅनेजर हिशेब लिहीत एकटा बसलेला असतो, तेव्हा जायचं. एकच गोष्ट सांगायची, आणि तिचा उपायही सांगायचा. "व्यवस्था बरोबर नाही" याला तो "हो काका" म्हणून हिशेबाकडे वळेल. "पुढच्या तिन्ही मुक्कामी आम्हाला तळमजल्याची खोली द्या, पावतीवर तसं लिहिलंय" याला त्याला उत्तर द्यावं लागतं. आणि खोलीवर आल्यावर तेच दोन ओळींत त्याच्या मोबाइलवर पाठवून ठेवायचं. का, ते पुढं येईल.

मी पहिल्या खेपेला हे केलं नाही. पावतीवर तळमजला होता, खोली मिळाली दुसऱ्या मजल्याची, जिना अरुंद, बायकोचा गुडघा सुजलेला. मी मॅनेजरला काही बोललो नाही. तीन दिवस बसमध्ये जो भेटेल त्याला सांगत राहिलो. पाचव्या दिवशी शेवटी त्याला गाठलं तर तो म्हणाला, "अहो काका, पहिल्याच दिवशी सांगायचं ना." दहा मिनिटांत दोन तरुण बहिणींची खोली आणि आमची खोली बदलली गेली. त्या बहिणींना काहीच वाटलं नाही. तीन दिवसांचा माझा संताप अगदी फुकट गेला, आणि ज्यांनी तो ऐकला त्यांचाही.

माईकवरून तक्रार करू नका. बसच्या ग्रुपवर तर मुळीच नको. त्यावर पहाटे सूर्योदयाचे फोटो आणि सुविचार येतात, त्यांच्यामध्ये "काल रात्री पाणी गार होतं, मॅनेजर झोपला होता का?" असं टाकलं की पंचवीस माणसं त्याला अंगठा दाखवतात आणि मॅनेजर दिवसभर तोंड पाडून बसतो. त्या माणसाबरोबर आपल्याला अजून अकरा दिवस काढायचे असतात.

काही तक्रारींना मात्र दुसऱ्या रात्रीचीही वाट पाहायची नसते. रात्रभराच्या टप्प्याला दोन ड्रायव्हर नसतील तर बस हलू देऊ नका. मॅनेजरला वाईट वाटेल, वाटू दे. आणि दुसरी जागा म्हणजे समुद्राचा टप्पा. नर्मदा ओलांडायची नाही, म्हणून तिच्या मुखाशी विमलेश्वर-कठपोरच्या बाजूनं होडीनं खाडीतून मिठीतलाईला जावं लागतं. बस रिकामी पुलावरून पलीकडे जाऊन वाट पाहते. भरती लागल्याशिवाय होडी सुटत नाही, त्यामुळे कधी कधी अंधारात तासन् तास काठावर बसावं लागतं, आणि पुढं तीन-चार तासांचा पाण्यावरचा प्रवास. सोळा दिवसांत सगळ्यांत जास्त कुरकुर याच जागी ऐकू येते: किती वेळ, किती मच्छर, बसायला खुर्ची नाही. यातलं बहुतेक सोडून द्यावं, भरती कोणाच्या बुकिंगनं येत नाही. पण होडीत माणसं किती चढवतात आणि लाइफ जॅकेट प्रत्येकाच्या अंगात आहे की होडीच्या बुडाशी ढीग करून ठेवलंय, हे स्वतः पाहा. सांगली जिल्ह्यातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागू नये. २०१९ च्या ऑगस्टमध्ये महापुरात ब्रह्मनाळला बोट उलटली, ती क्षमतेपेक्षा जास्त माणसं चढल्यानं. आमच्या होडीत पलूसकडचे एक काका होते. त्यांनी शांतपणे सांगितलं, जॅकेट मिळाल्याशिवाय मी पाय ठेवणार नाही. होडीवाला चिडला, मॅनेजर हात जोडू लागला, मागचे लोक "चला हो काका" म्हणू लागले. काका हलले नाहीत. वीस मिनिटांनी आणखी जॅकेट आली. ती वीस मिनिटं आम्ही सगळे त्यांच्यावर रागावलो होतो, हे लिहून ठेवतो.

आता दुसरं पोतं, सोबतीचे प्रवासी.

उशिरा येणारं एक जोडपं प्रत्येक बसमध्ये असतं. त्यांच्यासाठी दंडाची पेटी ठेवतात, भजन म्हणायला लावतात. तिसऱ्या दिवसानंतर याचा उपयोग होत नाही, कारण त्यांना भजन म्हणायला आवडू लागतं. आमच्या मॅनेजरनं एक युक्ती केली, ती मी आजवर दुसरीकडे पाहिली नव्हती. त्यानं त्याच उशिरा येणाऱ्या काकांकडे मोजदाद दिली: बस सुटण्याआधी अडतीस डोकी मोजायची आणि त्याला सांगायचं. काका दुसऱ्या दिवसापासून दारात सगळ्यांच्या आधी. काकू मात्र उशिराच येत राहिल्या, आणि काका त्यांना सदतीसनंतर अगदी कडक आवाजात अडतीस म्हणायचे.

"कुठले तुम्ही? आडनाव काय?" असं पहिल्याच चहाला विचारणारं एक माणूस असतं. आडनावावरून जात काढायची आणि मग त्या हिशेबानं पुढचं बोलायचं. त्याला गावाचं नाव सांगा, शाळेचं सांगा, कारखान्याचं सांगा. आडनाव विचारलं की पोरांची नावं सांगा. दोन दिवसांत तो थकतो.

याहून नाजूक एक गोष्ट आहे आणि ती निघण्याआधीच ठरलेली बरी. काठावर ओटी भरायची, नर्मदेला साडी-चुनरी वाहायची वेळ येते, तेव्हा बायकांना हळदी-कुंकू लावत कोणी पुढं जातं आणि एका बाईपाशी हात थांबतो. आमच्या बसमध्ये त्या एक निवृत्त शिक्षिका होत्या, नवरा जाऊन सहा वर्षं झालेली. त्या काहीच बोलल्या नाहीत, काठावर बाटलीत पाणी भरत बसल्या. सांगलीच्या एका काकूंनी, त्याच पोथीवाल्या, करंडा हातातून घेतला आणि त्यांना कुंकू लावलं. म्हणाल्या, "आमच्या शेजारच्या हेरवाडनं ग्रामसभेत ठराव केलाय, आपण बसमध्ये करायला काय हरकत?" शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तो खरंच आपल्या शेजारचा. पोथीबद्दल मी त्यांच्यावर दहा दिवस मनात धरून होतो. ते त्या दिवशी जरा सैल झालं. पूर्ण गेलं असं म्हणणार नाही.

घोरणाऱ्यांसाठी कापसाचे बोळे, मोठ्यानं कीर्तन ऐकणाऱ्यांसाठी कानात घालायचे स्वस्तातले हेडफोन दोन जोड जास्तीचे न्या आणि भेट म्हणून द्या. रागानं नको, "माझ्याकडे जास्तीचे होते" असं म्हणून. राजकारण काढणाऱ्यांसाठी काही उपाय माझ्या हाती लागलेला नाही. निवडणुकीच्या आसपास परिक्रमा ठरवू नका एवढंच.

ज्यांना मुलगा-सून अमेरिकेतून क्रूझचं तिकीट काढून देतात, किंवा २०२१ पासून मुंबईहून सुटणाऱ्या कॉर्डेलियानं लक्षद्वीपला जायचं मनात आहे, त्यांनाही वरचं बरंचसं लागू आहे, फक्त पंचे डेकवरच्या खुर्च्यांवर पडतात. थोडं वेगळं आहे ते इतकंच की मोठ्या जहाजावर बक्षिसी बहुधा माणशी-दिवशी अशा दरानं बिलातच धरलेली असते, तो आकडा तिकीट काढताना पाहून घ्या, नाहीतर शेवटच्या रात्री भांडण काउंटरवर. शाकाहारी, बिनअंड्याचं जेवण जहाजावर चढल्यावर नव्हे, बुकिंगच्या वेळी नोंदवा. जेवणाच्या टेबलावर रोज तीच अनोळखी माणसं आली आणि जमलं नाही, तर पहिल्याच रात्री टेबल बदलून मागा, त्यात कोणालाही वाईट वाटत नाही. जहाजावरचा डॉक्टर महाग असतो, म्हणून प्रवासाचा विमा काढल्याशिवाय जाऊ नका. आणि वाढायला येणाऱ्या पोराला जरा नाव-गाव विचारा. गोव्यात जहाजावर नोकरी करणाऱ्याला तारवटी म्हणतात, पिढ्यान् पिढ्या ती माणसं समुद्रावर आहेत, आणि भर समुद्रात मडगावचा पोरगा "कशें आसात?" म्हणाला की आमटी नसली तरी चालतं.

बसकडे परत. बक्षिसी द्यावी की नाही, असा प्रश्न मला पडत नाही. पहाटे तीनला उठणारा आचारी, वाढपी, दोन्ही ड्रायव्हर, क्लीनर यांना द्यावी. पद्धतीचं मात्र बघा. शेवटच्या दिवशी कोणीतरी उत्साही माणूस बसमध्ये वही घेऊन फिरतो आणि माईकवरून "अमुक काका, पाचशे एक" अशी नावं वाचतो. ज्यांना शंभरच जमतात त्यांची मान खाली जाते. कोऱ्या पाकिटात घालून एका पिशवीत टाकायला सांगा. वाटणी कंपनीच्या हाती न देता दोन प्रवाशांनी बसून करा, नाहीतर मोठा वाटा कुठं जातो ते वाढप्याला विचारा.

ओंकारेश्वरला जल वाहून झाल्यावर, डोळे ओले असताना, मॅनेजर अभिप्रायाचे छापील फॉर्म वाटतो. ही त्याची हुशारी. त्या वेळी बायका एकमेकींच्या गळ्यात पडलेल्या असतात, चटणीवाले काका खिडकीवाल्या काकूंना वाकून नमस्कार करतात, आणि सगळे "अतिउत्तम"वर खूण करतात. तो फॉर्म तिथं भरू नका. घरी न्या, आठ दिवस जाऊ द्या, मग भरून पाठवा. बरोबर चांगलंही लिहा. लाल नाड्याची किटली मी लिहिली, मालकाचा मला फोन आला, त्याला ती माहीतच नव्हती.

आणि पहिल्या पोत्यातलं काही खरंच बुडालं असेल, पैसे घेऊन ठरलेलं ठिकाण वगळलं, पावतीवरची खोली दिलीच नाही, मधेच ट्रिप गुंडाळली, तर रुसून बसू नका. आधी कंपनीला लेखी मागणी करा. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करा. त्यानंही झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग, सातारचा साताऱ्यात आणि सांगलीचा सांगलीत. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तुम्ही जिथं राहता तिथंच तक्रार दाखल करता येते. कंपनीचं ऑफिस पुण्यात असलं म्हणून पुण्याला हेलपाटे घालावे लागत नाहीत. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही, आणि मुदत दोन वर्षांची. पत्रक, पावती, आणि दुसऱ्या रात्री मॅनेजरला पाठवलेल्या त्या दोन ओळी, हाच पुरावा. कपडे धुवायला काढायच्या आधी हे तिन्ही एका फाइलीत घाला. घोरण्याबद्दल आयोगाकडे जाऊ नका.

राहता राहिली परतीची रात्र. ओंकारेश्वरला डिकीत सामान भरताना कोणाचंच लक्ष नसतं, सगळे फोटो काढत असतात. मिरज-सांगलीकर इथंही चपळ. त्यांच्या बॅगा आधी येतात, पण क्लीनर त्या वर रचतो आणि सातारकरांच्या खाली जातात. सातारकरांनी तिथं क्लीनरशेजारी उभं राहावं आणि आपल्या बॅगा सगळ्यांत शेवटी, दाराशी लावून घ्याव्यात. बस पहाटे साडेतीनला साताऱ्याला थांबते, आणि नाहीतर तुमची एक बॅग काढायला हायवेच्या कडेला अख्खी सांगली खाली उतरवावी लागते. आमच्या वेळी उतरवली. पोथीवाल्या काकू झोपेतून उठून खिडकीतून बघत होत्या. मग त्यांनी खिडकी सरकवून विचारलं, "बॅटरी देऊ का?"